बावन्न इंच

माझ्या दुकानाच्या भिंतीवर शिंपी खडूनं ओढलेली एक आडवी रेघ आहे. फरशीपासून बावन्न इंच. टेप नेहमीसारखी गळ्यातच होती, म्हणून माप घेतलं. अर्धा-पाऊण इंच इकडंतिकडं असेल, कारण त्या दिवशी गाळ कुठं संपतो आणि फरशी कुठं सुरू होते तेच कळत नव्हतं.

पुण्यात सिंहगड रस्त्यावरून मुठा नदीकडं उतरणाऱ्या एका गल्लीत माझा गाळा आहे. भाड्याचा. फॉल-पिको, ब्लाऊज, परकर, ऑल्टरेशन. गाळ्यात गाळ हा विनोद आमच्या गल्लीत इतक्या जणांनी करून झालाय, की मी तो करत नाही.

२५ जुलै २०२४, गुरुवार. पहाटे पाचच्या सुमाराला शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनचा फोन आला, "ताई, तुमच्या शटरखालून पाणी आत चाललंय." मला वाटलं, वरच्या टाकीचा बॉलकॉक गेला असेल. आमचं घर त्याच गल्लीत, पण मुख्य रस्त्याच्या अंगाला, चढावर आणि दुसऱ्या मजल्यावर. छत्री घेऊन खाली उतरले, तर गल्लीचं पुढचं टोकच नव्हतं. दुचाक्यांचे आरसे तेवढे वर दिसत होते. पूर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं लोंढा येतो. हे पाणी जवळजवळ उभंच होतं. आवाज नाही, काही नाही. मी बघत असताना ते समोरच्या जिन्याची एक पायरी चढलं.

आदल्या रात्री सोसायटीच्या ग्रुपवर खडकवासला धरणातून सोडलेल्या पाण्याचे, म्हणजे विसर्गाचे, आकडे येत होते. इतके हजार क्युसेक, मग तितके हजार क्युसेक. मी शेवटच्या मेसेजला अंगठा दाखवून झोपले होते. ब्लाऊजच्या बाहीतला पाव इंच मला लांबून कळतो, पण क्युसेक म्हणजे किती पाणी, हे आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. नंतर हिशेब केला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. त्या पहाटे विसर्ग ३५ हजारांच्या घरात गेला होता. म्हणजे सेकंदाला दहा लाख लिटरच्या आसपास. उन्हाळ्यात आमच्याकडं दहा हजार लिटरचे टँकर येतात, तसे जवळपास शंभर टँकर दर सेकंदाला. आणि हे फक्त धरणातलं. धरणाच्या खाली शहरात पडणारा पाऊस, ओढे-नाले, ते सगळं वेगळं. आकडा रात्रीच असा टँकरमध्ये कळला असता, तर निदान साड्या तरी वर नेल्या असत्या.

पाणी उतरल्यावर शटर उघडलं तेव्हाचं सगळं सांगत बसत नाही. एकच सांगते. पिकोच्या मशीनची बॉबिन केस उघडली, तर आत गाळाची गोल वडी बसली होती. टोकानं ढकलली तशी अख्खी बाहेर आली, साच्यातून काढल्यासारखी, मध्ये भोक असलेली. मी ती कितीतरी वेळ हातात धरून उभी होते. सहा मशीनच्या सहा वड्या.

मशीन माझी होती, त्याचं दुःख माझं मी केलं. खरा पेच साड्यांचा होता. श्रावण दहा-बारा दिवसांवर, मंगळागौरीची गडबड, फॉलला आलेल्या एकेचाळीस साड्या रॅकवर. त्यातली एक नारायणपेठी, एका काकूंच्या आईची. मोतिया अंगावर लाल काठ. तो लाल सगळीकडं पसरला होता. काकू आल्या, साडी बघितली, आणि म्हणाल्या, "तुझा विमा असेल ना गं?"

होता. म्हणजे होता असं मलाही वाटत होतं.

मशीन घेतली तेव्हा बँकेचं कर्ज काढलं होतं. बँकेनं त्या वेळी मशीन आणि माल यांचा विमा काढला, दर वर्षी खात्यातून पैसे वळते व्हायचे, पासबुकात नोंद दिसायची. २०२२ मध्ये कर्ज फिटलं. मी शाखेत पेढे दिले. कर्ज संपलं तसा बँकेचा माझ्या मशीनमधला जीव संपला, आणि विम्याचं नूतनीकरणही. बँकेनं तो विमा स्वतःच्या पैशांच्या काळजीनं काढला होता, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. खात्यातून पैसे जाणं थांबलं तेव्हा मला तर बरंच वाटलं होतं.

गल्लीतल्या दहा जणांशी बोलले. जवळपास प्रत्येकाकडं "विमा" होता. कुणाकडं गृहकर्जाबरोबर बँकेनं गळ्यात मारलेला, तो निघाला कर्जदाराच्या आयुष्याचा. माणूस गेला तर कर्ज फिटणार, सोफा गेला तर नाही. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी छातीठोकपणे म्हणाले, आपल्या इमारतीचा आहे की! सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत आगीचा आणि भूकंपाचा विमा सांगितलाय, पुराचं नाव त्यात नाही. पॉलिसी काढून बघितली तेव्हा कळलं की आमच्या विम्यात पूर होता, पण इमारतीपुरता. लोकांच्या घरातलं सामान त्यात येत नाही, ते ज्याचं त्यानं बघायचं. नवऱ्याच्या गाडीचं त्यातल्या त्यात निभावलं. पाणी ओसरल्यावर हा किल्ली फिरवणार, तेवढ्यात समोरचा मेकॅनिक ओरडत आला, "सेल मारू नका!" पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचं इंजिन चालू केलं की आत शिरलेलं पाणी इंजिन फोडतं, आणि ते नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. नुसता थर्ड पार्टी असेल, तर पुरात गेलेल्या गाडीचा एक रुपयाही मिळत नाही. आमचा सर्वसमावेशक होता. गाडी टो करून नेली, सीटखालून बेडूक निघाला, दावा मंजूर झाला.

आता नानांविषयी. नाना म्हणजे माझे सासरे. नारायण पेठेतल्या वाड्यात वाढले. १२ जुलै १९६१ ला नऊ वर्षांचे होते. त्यांच्या पिढीचं कॅलेंडरच वेगळं आहे. अमक्याचं लग्न पानशेतच्या आधी, तमक्याचा जन्म पानशेतनंतर. पानशेतचं धरण तेव्हा पुरतं बांधूनही झालं नव्हतं. ते फुटलं, त्याच्या पाण्यानं खाली खडकवासला फुटलं, आणि भर दिवसा नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. नानांना आईनं दंडाला धरून पर्वतीकडं पळवलं. परत आले तेव्हा वाड्याच्या माडीवर, कठड्याच्या चार बोटं खाली, ओल्या मातीची रेघ होती. पुढं वाड्याच्या मालकानं ती गेरूनं पक्की केली. नाना सांगतात, नवा भाडेकरू आला की आधी त्याला ती रेघ दाखवायचे, मग नळ आणि संडास.

वाडा पाडून तिथं इमारत झाली. भिंत गेली, तिच्याबरोबर रेघही गेली. आज तिथं राहणाऱ्यांना कुणी सांगत असेल असं वाटत नाही.

मी हा गाळा घेतला तेव्हा नाना बघायला आले होते. शटर, लाईट, पंखा, काही बघितलं नाही. दारात उभं राहून विचारलं, "नदी इथून किती खाली आहे?" मी म्हटलं, "नाना, नदी इथून दिसतसुद्धा नाही." त्यांनी किती लांब असं विचारलंच नव्हतं. मला मात्र लांबच ऐकू आलं. ब्रोकरनं गाळ्याची रुंदी सांगितली, खोली सांगितली, रस्ता किती फुटी ते सांगितलं. उंची त्यानंही सांगितली नाही, मीही विचारली नाही. आणि मी धंद्यानं माप घेणारी बाई.

पुरानंतर सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, पूररेषा. आपण रेषेत आहोत का? जणू हो किंवा नाही म्हटलं की विषय मिटला. रेषा दोन असतात. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. जलसंपदा विभाग त्या ठरवतो आणि विकास आराखड्याच्या नकाशावर त्या दाखवलेल्या असतात. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध, निळ्या आणि लालच्या मधला नियंत्रित. आपला सर्व्हे नंबर हाताशी असेल, तर नकाशावर बोट ठेवता येतं. मी ठेवलं. बोट कुठं पडलं ते लिहीत नाही, मालकांना राग येईल.

पण घोळ "२५ वर्षांतून एकदा" या शब्दांत आहे. गल्लीत एकानं जाहीर केलं, "चला, आला एकदाचा, आता २०४९ पर्यंत बघायला नको." बरोबर दहा दिवसांनी, ४ ऑगस्टच्या रविवारी, पुन्हा विसर्ग वाढला आणि एकतानगरीच्या बाजूला पुन्हा पाणी आलं. तेव्हा माझी लेक बारावीला होती. तिनं वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. ही रेषा म्हणजे पुराचं वेळापत्रक नाही. दर वर्षी चार टक्के शक्यता, यंदा येऊन गेला तरी पुढच्या वर्षी पुन्हा चारच टक्के. मग तिनं तेच वीस वर्षांवर लावलं, कारण आमच्या वरच्या मजल्यावरच्यांचं गृहकर्ज वीस वर्षांचं आहे. निळ्या रेषेच्या काठावरचं घर असेल, तर हप्ते फिटेपर्यंत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता ५६ टक्के. लाल रेषेच्या काठावर असेल, तर साधारण १८. मी म्हटलं, शंभर वर्षांतून एकदा म्हणतात ना? ती म्हणाली, "आई, पाचात एक." पाचात एक साडी खराब होणार असं गिऱ्हाइकाला सांगितलं, तर कोण ठेवेल माझ्याकडं साडी?

आणि रेषा कागदावर एकदा आखली तरी नदी तेवढीच राहत नाही. पात्रात राडारोडा टाकायचा, काठावर भराव घालायचा, मग तेवढ्याच क्युसेकला पाणी वर चढतं. माप तेच, कापड आटलंय. जुन्या मापाचा ब्लाऊज मग दंडात अडकणारच.

शिवाय ही रेषा नदीची. पाणी मात्र कुठूनही येतं. माझी बहीण अरण्येश्वरच्या बाजूला राहते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पाणी आलं, मुठेला नव्हे. कात्रजकडून आलेला तो लोंढा तासाभरात टांगेवाले कॉलनी, सहकारनगर करत खाली गेला. त्या रात्री पुणे परिसरात वीसहून जास्त माणसं गेली. बहिणीच्या पार्किंगमधली स्कूटर दोन सोसायट्या पलीकडं झाडाला टेकलेली सापडली. त्याच्या आदल्या वर्षी, २७ सप्टेंबर २०१८ ला, मुठा उजवा कालवा फुटला आणि भर सकाळी दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत पाणी घुसलं. पावसाचा काडीचा संबंध नाही. कालवा, ओढा, नदी. सहा वर्षांत तीन वाटांनी. मुठेच्या पूररेषेचा नकाशा कितीही न्याहाळला, तरी त्यातली एकच वाट त्यात सापडते.

पुणेकर तसे हौसेनं पाणी बघायला जातात. भिडे पूल पाण्याखाली गेला की झेड ब्रिजवर गर्दी, भज्यांची गाडी, फोटो. मीही जायचे. आता नाही जाववत.

तर विमा. दिवाळीच्या आधी एका एजंटदादांना दुकानात बोलावलं, मुद्दाम रेघेसमोर बसवलं. पहिला प्रश्न त्यांचाच, "गाळा तुमचा?" नाही. मग भिंती, शटर, फरशी यांचा विमा मालकांनी काढायचा, माझा फक्त आतल्या वस्तूंचा. दुसरं, घराच्या विम्यात दुकानाचा माल बसत नाही. घरासाठी भारत गृह रक्षा आणि माझ्यासारख्या दुकानाला भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा, अशा ठरावीक साच्यातल्या पॉलिसी एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना द्याव्या लागतात. दोन्हींत पूर मुळातच धरलेला आहे, वेगळा मागावा लागत नाही.

मग किमतीवर आलो. मी हप्ता कमी बसावा म्हणून दोन लाख सांगितले. दादांनी माझ्याकडं बघितलं, मशीनकडं बघितलं, म्हणाले, "ताई, हे चार लाखांचं आहे." आणि समजावलं. चार लाखांच्या वस्तूंचा दोन लाखांचा विमा काढला, आणि एक लाखाचं नुकसान झालं, तर मला वाटणार दोन लाखांपर्यंत भरून मिळेल. मिळणार पन्नास हजार. अर्धाच विमा, म्हणून अर्धीच भरपाई. दुकानाच्या या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, त्यापुढं कात्री लागते. घराच्या पॉलिसीत ही कात्री नाही. घराचं गणित आणखी वेगळं. फ्लॅट नव्वद लाखांचा असला तरी विमा बांधकामाच्या खर्चाचा, कारण जमीन वाहून जात नाही. आणि इमारतीचा विमा घेतला की त्याच्या वीस टक्के, जास्तीत जास्त दहा लाख, एवढं सामान आपोआप त्यात येतं. दागिन्यांचं मात्र वेगळं सांगावं लागतं.

शेवटी मी ज्यासाठी बोलावलं होतं ते विचारलं. "आणि गिऱ्हाइकांच्या साड्या?" दादा थांबले. म्हणाले, बरं झालं विचारलंत. दुसऱ्याचा आपल्याकडं ठेवलेला माल हा आपला माल नव्हे, तो पॉलिसीत वेगळा लिहून घ्यावा लागतो, नाहीतर धरत नाहीत. म्हणजे बँकेचा तो जुना विमा चालू असता, तरी काकूंच्या नारायणपेठीचं काहीच मिळालं नसतं. गल्लीतल्या लाँड्रीवाल्याला, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांना हे सांगितलं, तर दोघांचेही चेहरे माझ्यासारखेच झाले.

लिहून घेतलं. आता साडी घेताना पावतीवर अंदाजे किंमत टाकते, रोज संध्याकाळी रॅकचा एक फोटो काढते. फोटो मोबाईलमध्ये ठेवून उपयोग नाही, मोबाईलही बुडतो, म्हणून लेकीला पाठवते. ती रोज वैतागते. वर्षाचा हप्ता चार साध्या ब्लाऊजच्या शिलाईत बसला. अस्तराचे असते तर दोनच लागले असते.

विमा घेतला म्हणजे पैसे दारात येतात असंही नाही. तळमजल्यावरच्या एका आजोबांचा दावा कंपनीनं निम्म्यावर आणला, कारण नुकसान बघायला कंपनीचा सर्वेअर यायच्या आधीच त्यांनी भिजलेल्या गाद्या आणि कपाटं कचऱ्याच्या गाडीत घातली होती. घाण वास सुटला होता, काय करणार बिचारे. आधी कंपनीकडं लेखी तक्रार केली, महिनाभर वाट बघितली, मग विमा लोकपालांकडं अर्ज. त्याला फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं तिथं चालतात. अर्ज द्यायला त्यांच्याबरोबर मीच गेले होते. पुण्यातलं ते कार्यालय आहे न. चिं. केळकर रस्त्यावर, नारायण पेठेत. नानांना सांगितलं तर ते खो खो हसले. म्हणाले, "कागद वरच्या मजल्यावर ठेवतात का विचारलंस?"

दिवाळीला मालकांनी रंग काढला. पेंटर खडूची रेघ पुसायला लागला, मी हात धरला. मालकांना फोन केला. ते म्हणाले, "अहो ताई, शेजारचा गाळा द्यायचाय मला, लोक ही रेघ बघून बिचकतात." मी म्हटलं, बिचकू देत. मग त्यांचा सूर चढला, मग माझा. अखेर वीतभर रुंदीचा पट्टा तसाच सोडून भोवतीनं पिस्ता रंग मारला. दिसतं वाईट, ठिगळासारखं.

साड्यांचं नवं रॅक साठ इंचांवर ठोकलंय. वरच्या कप्प्याला माझा हात पुरत नाही, स्टूल घ्यावं लागतं. नाना म्हणाले, साठ कशावरून? बावन्नवर आठ इंच, हे मी माझ्याच मनानं धरलेलं माप आहे, त्याला कुठलाही आधार नाही. त्या वरच्या कप्प्यात कोपऱ्याला नारायणपेठी आहे. तीनदा ड्रायक्लीनला दिली, लाल थोडा फिका झाला, गेला नाही. काकूंनी पैसे घेतले नाहीत आणि साडीही नेली नाही. परवा रस्त्यात भेटल्या, म्हणाल्या, "राहू दे तुझ्याकडंच, पण फॉल लावून ठेव."

लावलाय.